४-३ वरून ३-४ वर: बचावाची पुढची फळी नव्याने बसवताना

इथे विस्कॉन्सिनमध्ये शाळेच्या मैदानाकाठी हल्ली मराठी आईबाप दिसतात. मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत, खेळत असतो. मध्यंतरात कुणीतरी मला गाठून विचारतं, "गेल्या वर्षी स्नॅप झाला, म्हणजे चेंडू हलला, की हा सुसाट आत घुसायचा. यंदा समोरच्याला धरून जागेवरच उभा राहतो. काय झालं याला?" मुलाला काहीच झालेलं नसतं. टीमने बचावाची पद्धत बदललेली असते आणि त्याला त्याचं पहिलं पाऊल बदलायला सांगितलेलं असतं.

मी सांगलीकडचा, कबड्डीत वाढलेला. अमेरिकन फुटबॉल इथे येऊन शिकलो आणि गेली काही वर्षं एका शाळेच्या टीमची पुढची फळी सांभाळतो. आम्ही ४-३ सोडून ३-४ घेतलं तेव्हा ते अंगवळणी पडायला अख्खा मोसम गेला. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने मांडतो. ज्यांना शिकवायचंय त्यांच्यासाठी हे आहेच, पण ज्यांना सामना नीट पाहायचाय त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी सगळ्यांची भाषा एक करा

४-३ म्हणजे पुढे जमिनीला हात टेकवून बसलेले चार लाइनमन (मधले दोन टॅकल, कडेचे दोन एंड) आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. ३-४ म्हणजे पुढे तीन (मधला नोज टॅकल, बाजूचे दोन एंड), मागे चार. त्या चारांपैकी दोघे बाहेरचे लाइनबॅकर बहुतेक वेळा रेषेवरच, पण उभे असतात. दोन्हीकडे मिळून माणसं सातच. कोण कुठे उभा राहतो आणि कोणाची जबाबदारी काय, एवढंच बदलतं. पण हे ‘एवढंच’ फार मोठं आहे.

जबाबदारी मोजायची ती गॅपने. आक्रमणाच्या फळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग टॅकल (बचावातल्या टॅकलपेक्षा हा वेगळा) आणि कडेला टाइट एंड. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट म्हणजे ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी, टाइट एंडच्या बाहेरची डी. उभं राहण्याच्या जागांना आकडे आहेत. ही पद्धत टेक्सासचे प्रशिक्षक बम फिलिप्स यांच्या नावाशी जोडली जाते. सेंटरच्या बरोबर समोर शून्य, त्याच्या खांद्यावर एक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या समोर चार, त्याच्या बाहेरच्या खांद्यावर पाच, टाइट एंडच्या बाहेर नऊ. हे आकडे मुलांना झोपेतही आले पाहिजेत. आम्ही पाच मोठे कचऱ्याचे डबे आक्रमणाच्या लाइनसारखे ओळीने मांडायचो आणि नुसता आकडा ओरडायचो. पोरगं दोन सेकंदांत त्या जागी गेलं पाहिजे. पहिले चार दिवस दुसरं काही केलं नाही, आणि ते चार दिवस वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही.

एक गॅप की दोन? हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका

३-४ हा शब्द ऐकला की लोक एकच चित्र डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार दोन गॅपचा. लाइनमन समोरच्याच्या बरोबर नाकासमोर उभा राहतो, त्याला हातांनी अडकवतो आणि चेंडू कुठे जातो ते पाहून डावीकडची किंवा उजवीकडची फट बंद करतो. म्हणजे एका माणसाकडे दोन फटी. हा खेळाडू सॅक (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) फारसे करत नाही. त्याच्यामुळे मागचे लाइनबॅकर मोकळे राहतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा केसी हॅम्प्टन आणि न्यू इंग्लंडचा व्हिन्स विलफोर्क यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं.

दुसरा प्रकार एका गॅपचा. यात तिघेही खांद्यावर उभे राहतात आणि आपापल्या एकाच फटीत घुसतात. बम फिलिप्स यांचे चिरंजीव वेड फिलिप्स यांचा ३-४ या घराण्यातला. २०११ मध्ये ते ह्यूस्टन टेक्सन्सकडे आले आणि ४-३ खेळणाऱ्या टीमला त्यांनी ३-४ वर आणलं. आदल्या वर्षी एकूण यार्डांच्या यादीत ३० व्या नंबरवर असलेला तो बचाव त्या मोसमात दुसऱ्या नंबरवर गेला. जे. जे. वॉट त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ११ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याला कुणी जागेवर उभं राहायला सांगितलं नाही. त्याला फटीत सोडलं, आणि पुढच्याच वर्षी त्याने साडेवीस सॅक केले.

माझं स्पष्ट मत सांगतो. शाळेच्या पातळीवर निव्वळ दोन गॅपच्या वाटेला जाऊ नये. एनएफएलमध्ये दीडशे किलोचा नोज टॅकल मिळतो. आपल्याकडे पंच्याण्णव किलोचा सोळा वर्षांचा मुलगा असतो, आणि त्याच्यावर प्रत्येक स्नॅपला दोन-दोन जण तुटून पडतात. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचे पाय उचलत नाहीत. आम्ही शेवटी नोजला दोन गॅप आणि दोन्ही एंडना एक गॅप असा मेळ घातला, आणि नोज दमला की तिघांना एका दिशेने तिरकं घुसवायला लागलो. या तिरक्या चालीला स्लँट म्हणतात. हलक्या मुलांसाठी ती मोठा आधार आहे.

माणसं मोजा, मग जागा वाटा

ग्रीन बे पॅकर्सचा २००९ चा बदल मी आमच्या मुलांना अजूनही समजावून सांगतो, कारण त्यात जमलेलं आणि न जमलेलं दोन्ही शेजारी शेजारी दिसतं.

२००८ मध्ये पॅकर्सनी सहा सामने जिंकले आणि दहा हरले. धावत्या खेळात त्यांनी सामन्यामागे सरासरी १३१.६ यार्ड दिले. जानेवारी २००९ मध्ये डॉम केपर्स बचावाचे प्रमुख म्हणून आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गमध्ये त्यांनी ३-४ चालवलेला होता. केपर्स आल्यावर टीमने आधी हाताशी काय आहे ते पाहिलं. रायन पिकेट, जॉनी जॉली, कलन जेंकिन्स हे जड अंगाचे लाइनमन होतेच, ते ३-४ मध्ये सहज बसले. उणीव होती ती मधोमध आणखी एका पहाडाची आणि बाहेरून उभ्याने येणाऱ्या माणसाची. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर बी. जे. राजी आणि २६ व्या क्रमांकावर क्ले मॅथ्यूज घेतला. त्या मोसमात धावत्या खेळात त्यांनी सामन्यामागे ८३.३ यार्ड दिले. लीगमध्ये तो सर्वांत कमी आकडा होता.

आता न जमलेलं. ॲरन कॅम्पमन हा त्यांचा ४-३ मधला उत्तम डिफेन्सिव्ह एंड. आधीच्या तीन मोसमांत मिळून त्याचे ३७ सॅक होते. हात जमिनीला टेकवून टॅकलवर तुटून पडणं ही त्याची विद्या. नव्या पद्धतीत त्याला बाहेरचा लाइनबॅकर केलं: उभ्याने खेळ, कधी मागे सरक, पास अडव. प्रामाणिक खेळाडू, तक्रार न करता केलं त्याने. पण साडेतीन सॅकवर थांबला, आणि नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटून मोसमच संपला. त्याच्या जागी सातव्या फेरीत घेतलेला ब्रॅड जोन्स आला आणि ते काम त्याने नीट निभावलं, कारण उभ्याने खेळणं त्याच्या अंगात आधीपासून होतं.

यातून आपल्या टीमसाठी घ्यायचं ते असं. ४-३ मधला तीन नंबरच्या जागेवरचा टॅकल ३-४ मध्ये बहुधा एंड होतो. अंगाने जड असलेला ४-३ चा एंडही तिथेच जातो. हलका, लांब हातांचा एंड बाहेरचा लाइनबॅकर होऊ शकतो, पण आधी त्याला दहा यार्ड मागे पळवून पाहा. मागे पळताना नजर क्वार्टरबॅकवर राहते का? कंबर वळते का? दोन्ही नसेल तर त्याला तिथे घालू नका, मग तो टीमचा सर्वांत आवडता मुलगा का असेना. पासिंगच्या डाऊनला (पास येणार अशा खेळीला) त्याचा हात पुन्हा जमिनीला टेकवून त्याला जुनंच काम द्या.

पहिलं पाऊल मोडून पुन्हा घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

४-३ मधल्या मुलाचं शरीर एकच गोष्ट शिकलेलं असतं: चेंडू हलला की मोठं पाऊल टाकून फटीत घुसायचं. त्यासाठी त्याचा एक पाय बराच मागे असतो आणि वजन पुढच्या हातावर असतं. दोन गॅप खेळायचे तर हेच त्याच्या मुळावर येतं. मोठं पाऊल टाकलं की तो एका बाजूला झुकतो आणि दुसरी फट उघडी पडते. पळणारा तिथूनच जातो.

म्हणून बैठकीपासून सुरुवात. दोन्ही पाय जवळजवळ एका रेषेत, फार तर मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या मधोमध. हातावर वजन इतकं कमी की मी तो हात बाजूला केला तरी मुलगा तोंडावर पडता कामा नये. हे मी खरोखर करून पाहायचो, रोज, प्रत्येकाचा हात धरून.

मग पाऊल: वीतभर, त्याहून जास्त नाही. मी जमिनीवर चुन्याने दोन रेषा मारल्या होत्या, वीतभर अंतराच्या. पाय दुसऱ्या रेषेच्या पुढे गेला की पुन्हा. आमच्या नोजचा पाय पहिल्या दिवशी जवळपास दर वेळी पुढे जायचा. तो वैतागून म्हणाला, "कोच, असं केलं तर मी हळू वाटतो." मी म्हटलं, तुला हळू वाटू दे, गार्डला तू भिंत वाटला पाहिजेस. खांदे पडले होते त्याचे, पण तो थांबला नाही.

पावलाबरोबर हात. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, अंगठे वर, तळहात समोरच्याच्या छातीच्या पॅडवर, आणि आपलं डोकं त्याच्या डोक्यापेक्षा खाली. धक्का बसला की हात पूर्ण ताणायचे. हात ताणलेले असले की त्याच्या खांद्यावरून मागचा पळणारा दिसतो. कोपरं वाकली की फक्त त्याची जर्सी दिसते. चेंडू कुठे चाललाय ते दिसलं की समोरच्याला एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूने सुटायचं. हात वरून फिरवून सुटण्याची पोहण्यासारखी चाल मी मधल्या माणसाला करू देत नाही. बरगड्या उघड्या पडतात आणि गार्ड त्याला उचलून नेतो.

हे तुकड्यातुकड्यांनी शिकवा. आधी गुडघ्यांवर आणि हातांवर बसवून फक्त हातांचा आणि कमरेचा धक्का, स्लेडवर (ढकलायच्या पॅडच्या गाड्यावर). मग दोघांना आधीच एकमेकांना धरून उभं करा आणि फक्त सुटणं शिकवा. मग बैठकीतून पाऊल आणि हात एकत्र. शेवटी पूर्ण. तीन आठवडे यातच गेले तर जाऊ द्या. हेल्मेट पुढे करून धडकण्याची सवय दिसली तर तिथल्या तिथे सराव थांबवा. मानेला दुखापत होते ती याच सवयीने.

दोघे एकावर आले तर? नोजसाठी नियम सोपा: जिकडून दुसरा माणूस येतोय तिकडची कंबर आणि गुडघा खाली टाक, त्याच्यावरच वजन घाल, आणि रेषेवरून मागे हटू नकोस. पुढे जायची गरज नाही. ते दोघे तुझ्यापाशी अडकले म्हणजे आपला लाइनबॅकर मोकळा झाला.

कडा धरणारे दोघे

कबड्डीत कोपऱ्याचा गडी आत धावला की चढाईपटू त्याच्या मागून निसटतो, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाहेरच्या लाइनबॅकरचं तसंच. धावता खेळ आला तर बाहेरचा खांदा मोकळा ठेवायचा, टाइट एंडला आतल्या बाजूने अडवायचं आणि चेंडूला आत, गर्दीकडे वळवायचं. पळणाऱ्याला त्यानेच पाडलं पाहिजे असं नाही. पण पळणारा त्याच्या बाहेरून गेला तर चूक त्याचीच.

पॅकर्सनी या दोन जागांसाठी २००९ मध्ये केव्हिन ग्रीन यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. खेळाडू म्हणून त्यांचे १६० सॅक होते आणि ३-४ च्या कडेवर ते स्वतः खेळलेले. मॅथ्यूजला असा गुरू मिळाला, हे पॅकर्सचं भाग्य. पहिल्याच मोसमात त्याने दहा सॅक केले. शाळेत असा माणूस कुठून आणणार? पण या दोघांसाठी वेगळा कोच नेमा, अगदी मदतनीस असला तरी चालेल. लाइनमनचा कोच त्यांना फक्त घुसायला शिकवतो, लाइनबॅकरचा कोच फक्त मागे सरकायला, आणि पोरगं दोघांच्या मधे लोंबकळत राहतं.

चौथा कोण?

३-४ ची खरी गंमत इथे आहे. ४-३ मध्ये क्वार्टरबॅकवर कोण चौघे येणार ते समोरच्यांना आधीच माहीत असतं. इथे तिघे बहुधा नक्की, चौथा कोणीही. डावीकडचा येईल, उजवीकडचा येईल, किंवा मधला लाइनबॅकर येईल आणि त्याच्या बदल्यात एखादा लाइनमन मागे सरकेल. याला झोन ब्लिट्झ म्हणतात.

२३ जानेवारी २०११ ला शिकागोत बेअर्सविरुद्धच्या एनएफसी (एनएफएलमधला एक गट) अंतिम सामन्यात राजी हा दीडशे किलोचा माणूस आत घुसण्याऐवजी अलगद मागे सरकला. क्वार्टरबॅक केलेब हेनीला तो दिसलाच नाही. पास राजीच्या हातात गेला आणि तो १८ यार्ड पळत जाऊन टचडाऊन करून आला. पॅकर्स २१-१४ ने जिंकले आणि दोन आठवड्यांनी पिट्सबर्गला ३१-२५ असं हरवून सुपर बोलही घेऊन आले.

हे पाहून मुलांना पहिल्याच दिवशी झोन ब्लिट्झ हवा असतो. देऊ नका. पहिल्या सामन्याला दोन फ्रंट (पुढच्या फळीच्या मांडण्या), एक स्लँट, दोन ब्लिट्झ (मागून माणूस आत पाठवण्याच्या चाली) एवढाच शिधा पुरे. केपर्सच्या व्यावसायिक टीमलासुद्धा पहिल्या वर्षी हवेतल्या चेंडूने त्रास दिलाच. डिसेंबर २००९ मध्ये पिट्सबर्गच्या बेन रॉथलिसबर्गरने त्यांच्यावर ५०३ यार्डांचे पास टाकले आणि सामना ३७-३६ असा गेला. प्लेऑफमध्ये ॲरिझोनाने ५१ गुण केले. पुढची फळी आधी बसते, मागच्यांशी तिचा मेळ बसायला त्याहून जास्त वेळ लागतो.

मधला पूल

एकदम उडी मारायला धीर होत नसेल तर एक वाट आहे. ४-३ मध्ये ‘अंडर’ नावाची मांडणी असते. त्यात नोज सेंटरच्या खांद्यावर, दुसरा टॅकल टाइट एंड नसलेल्या बाजूला तीन नंबरवर आणि एक लाइनबॅकर टाइट एंडवर रेषेपाशी. आता तिथल्या मोकळ्या बाजूच्या एंडला फक्त उभं करा. एका गॅपचा ३-४ तयार झाला. जागा जवळपास त्याच, पावलंही बरीचशी तीच. आम्ही हे आधी केलं असतं तर पहिले तीन पराभव कदाचित टळले असते.

आणि पासिंगच्या डाऊनला ३-४ फारसा दिसणारच नाही. जास्तीचा कॉर्नरबॅक (मागे राहून पास अडवणारा) मैदानात आला की बहुतेक टीम दोन लाइनमन, चार लाइनबॅकर, पाच मागचे अशा मांडणीत जातात. पॅकर्सही तेच करायचे. सरावाचा निम्मा वेळ या मांडणीला द्या.

गुण कशाचे द्यायचे

फिल्म पाहताना प्रत्येक स्नॅपला प्रत्येक लाइनमनला तीन खुणा: जागा बरोबर होती का, पहिलं पाऊल बरोबर होतं का, आपली फट धरली का. सॅक आणि टॅकल (पळणाऱ्याला पाडणं) या कागदावर नाहीत. ही गोष्ट आईबापांनाही आवर्जून सांगा. नोजच्या नावापुढे वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही. घरी कुणी "तू आज काय केलंस?" असं विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं. त्याला ते उत्तर आपण दिलं पाहिजे, लेखी. त्या कागदाची एक प्रत मी मुलांना घरी न्यायला देतो.

सामन्यात प्रत्येक सिरीजनंतर (समोरच्यांची चेंडूची पाळी संपली की) तिघांना बाकावर बसवून दोनच प्रश्न विचारा: तुला कोणी अडवलं, आणि त्याचं डोकं कुठल्या बाजूला गेलं? पाणी पिण्याआधी विचारा, नंतर आठवत नाही.

त्या मोसमातल्या सातव्या सामन्यात आमच्या नोजने मला याहून वेगळंच सांगितलं. "कोच, डावा गार्ड बाजूला पळणार असेल तेव्हा हात जमिनीवर नीट टेकवतच नाही. बोटं वर असतात." वीतभर पाऊल टाकत जागेवर राहायला शिकला म्हणून त्याला ती बोटं दिसली होती. आम्ही ते मधल्या लाइनबॅकरला सांगितलं. पुढच्या सिरीजला तिसऱ्या डाऊनला गार्डची बोटं वर होती, नोजने हाक दिली, आणि गार्ड वळसा घालून फटीशी पोचायच्या आत लाइनबॅकर तिथे उभा होता. दोन यार्ड मागे. समोरच्यांना लाथेने चेंडू दूर मारून पाळी सोडावी लागली. पंट.